आपले दहा सिनेमे : नागपूरच्या नवख्या सिनेमावेड्यांसाठी

चार सिनेमावेडे एकत्र बसले की नवख्या माणसाची पंचाईत होते. एक जपानचं नाव घेतो, दुसरा इराणचं, तिसरा ‘हेही नाही पाहिलं?’ म्हणून भुवया चढवतो, आणि आपल्याला मनापासून आवडलेल्या सिनेमाचं नाव ओठांपर्यंत येऊन परत जातं. असं होऊ नये म्हणून स्वतःच्या कायमच्या आवडत्या दहा सिनेमांची यादी कशी करायची, ते टप्प्याटप्प्याने सांगतो. माझ्याकडे नियम एकच आहे आणि बाकी सगळी त्याची तयारी: जो सिनेमा दुसऱ्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही, त्याचं नाव यादीत घालायचं नाही.

पहिल्या वेळी आपण गोष्टीच्या मागे धावत असतो. पुढे काय होणार, खुनी कोण, लग्न होतं की मोडतं, यातच जीव अडकलेला असतो. शिवाय सोबत कोण होतं, त्या दिवशी पगार झाला होता का, परीक्षा संपली होती का, यावरही आवड ठरते. दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असते, त्यामुळे नजर मोकळी होते. मागे उभा असलेला माणूस काय करतोय तेही दिसायला लागतं. काही सिनेमे या दुसऱ्या फेरीत अगदीच कोरडे निघतात. माझ्यासाठी ‘पिंजरा’ असा निघाला. गाणी आजही लागली की हातातलं काम थांबतं, पण पूर्ण सिनेमा पुन्हा पाहताना मास्तरांच्या अधःपाताचा प्रत्येक टप्पा आधीच कळतो आणि मग तो यायची वाट पाहावी लागते. तुमचं मत वेगळं असेल तर उत्तमच, यादी तुमची आहे.

पहिली पायरी: आठवेल ते लिहा

साधी वही घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण तो हातात असला की पाच मिनिटांत बोट कुठल्यातरी ‘सर्वोत्तम शंभर’कडे वळतं आणि पुढची सगळी नावं तिथून उतरवली जातात. आठवतील ती नावं क्रम न लावता लिहा. लाज वाटेल ती आधी लिहा. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला, मामाच्या गावी व्हिडिओवर पाहिलेला, एकट्याने पाहून रडलेला, सगळे येऊ द्या.

मग प्रत्येक नावापुढे एक दृश्य लिहायचं. ‘मैत्रीवर आहे’, ‘सामाजिक आहे’ असं लिहू नका, ते परीक्षेतलं उत्तर झालं. डोळ्यांसमोर नेमकं काय येतं ते लिहा. ‘बायसिकल थीव्ह्ज’ या १९४८च्या इटालियन सिनेमापुढे माझ्या वहीत असं आहे: चोरीला गेलेली सायकल शोधून थकलेला बाप मुलाला हॉटेलात नेतो. शेजारच्या टेबलावर एक श्रीमंत घरचा मुलगा बसलाय. हा पोरगा चीजचा लांबत जाणारा घास तोंडाने ओढतो आणि मान वळवून त्या मुलाच्या ताटाकडे बघतो. बापाच्या खिशात किती उरलंय हे त्याला कळतं. अख्खा सिनेमा मला त्या वळलेल्या मानेतून आठवतो.

ज्या नावापुढे असं एकही दृश्य येत नाही, ते नाव खोडा. फार मोठं, जगात गाजलेलं नाव असलं तरी खोडा. ‘गॉडफादर’ मोठा सिनेमा आहे यात वाद नाही, पण माझ्या वहीतून तो याच चाळणीत गेला. ‘शोले’ वेगळ्या कारणाने गेला. तो इतका पाठ आहे की तो पाहणं होतच नाही, आपण पुढचं वाक्य स्वतःच म्हणत बसतो.

दुसरी पायरी: दुसऱ्यांदा पाहणं

इथे वेळ द्या. नवखे लोक इथेच घाई करतात.

आधी टीव्ही सरळ करा. सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ चौकटींत चित्रित होतो. आजचे टीव्ही या चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चौकटी घालतात आणि हालचाल गुळगुळीत करतात. क्रिकेटला ते चालतं. सिनेमाचं मात्र वाटोळं होतं, १९५४च्या जपानी सिनेमातला सामुराई योद्धा कालच्या मालिकेतल्या जावयासारखा दिसायला लागतो. सोनीच्या टीव्हीवर या सोयीला ‘मोशनफ्लो’ म्हणतात, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’. ती बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा, निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. १९५०च्या आसपासपर्यंतचे सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीत काढलेले आहेत. ‘संत तुकाराम’ लावला की पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. घरातलं कोणीतरी ‘अरे, स्क्रीन फुल कर ना’ म्हणतं. करू नका. ताणलं तर सगळी पात्रं बुटकी आणि जाड होतात, ‘झूम’ केलं तर टाळकरी कापले जातात.

आता नागपूरचा खास प्रश्न: कूलर. मार्च संपला की आपल्याकडे घराघरात घोंघों सुरू होते ती थेट मृगापर्यंत. टीव्हीचा आवाज वाढवून भागत नाही, कारण त्याबरोबर सिनेमातल्या गाड्या आणि पाऊसही वाढतात आणि संवाद मधल्यामध्ये बुडतो. हेडफोन लावा. नाहीतर सबटायटल चालू ठेवा, मराठी सिनेमालाही. यात कमीपणा काही नाही. व्ही. शांताराम यांच्या १९३७च्या ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत घातलेलंच नाही, प्रसंगात जे वाजेल तेवढंच ऐकू येतं. तो मे महिन्यात पाहणं म्हणजे अर्धा सिनेमा कूलरला देणं. डिसेंबरात, स्वेटर घालून, सगळं शांत झाल्यावर पाहा.

उलट एक सिनेमा असा आहे जो मे महिन्यात, शक्यतो लाइट गेलेली असताना लॅपटॉपवर पाहावा. सिडनी लुमेट यांचा १९५७चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. ९६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा एकाच खोलीत. खटल्याचा निकाल ठरवणारे बारा सामान्य नागरिक म्हणजे ज्युरी, एका पोराच्या देहदंडाचा प्रश्न, बाहेर वर्षातला सगळ्यात गरम दिवस आणि भिंतीवरचा पंखा बंद. माणसं कोट उतरवतात, घाम पुसतात, खिडकीशी झटापट करतात. पुढे पाऊस येतो, अंधारतं म्हणून दिवा लावतात, तेव्हा कळतं की पंखा दिव्याच्याच बटणावर होता. परगावच्या माणसाला हा बारीकसा तपशील वाटेल. ज्याने ४५ अंशांत दुपार काढली आहे त्याला त्या पंख्याची पहिली गरगर ऐकून जे वाटतं, ते समीक्षेत येत नाही.

आणि दुसऱ्यांदा पाहण्याचा धडाही यातच आहे. लुमेटनी सुरुवातीचा भाग नजरेच्या वरून टिपला, मधला नजरेच्या पातळीवर आणि शेवटचा खालून. भिंगंही हळूहळू बदलत नेली. त्यामुळे शेवटी शेवटी छत दिसायला लागतं, भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि आपला जीव गुदमरतो. पहिल्या वेळी आपण फक्त अस्वस्थ होतो. दुसऱ्या वेळी कॅमेऱ्याची उंची पाहत बसा, अस्वस्थता कुठून येते ते सापडेल. एकदा हे दिसलं की कुठलाही सिनेमा तुम्ही पूर्वीसारखा पाहणार नाही.

दोन पाहण्यांमध्ये निदान काही महिने जाऊ द्या. लगेच परत पाहिलात तर तो पहिलाच सिनेमा पुढे चालू राहतो.

तिसरी पायरी: न पाहिलेलं कुठून सुरू करायचं

नवख्याने परदेशी सिनेमा उचलताना सगळ्यात अवघड नावापासून सुरुवात करू नये. २०२२मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या जगभरच्या कौलात ‘जान दिलमन’ हा शांताल अकरमन यांचा १९७५चा सिनेमा पहिला आला, म्हणून उत्साहाने तोच लावणारे लोक मी पाहिलेत. तीन तासांहून लांब, आणि बराचसा वेळ एक बाई स्वयंपाकघरात काम करताना दिसते. त्याची ताकद मोठी आहे, पण ती सोसायला डोळ्यांना सवय लागते. पहिल्याच रविवारी तो पाहिलात तर पुढचं वर्षभर परदेशी सिनेमाचं नाव काढणार नाही.

मी वाटा सुचवतो. एका वाटेवरचे सिनेमे एकामागून एक पाहायचे, म्हणजे आधीचा पुढच्याला हात देतो.

पहिली वाट गरिबीची आणि पोरांची. माजिद माजिदी यांचा इराणी ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) घ्या. बहिणीचे बूट भावाच्या हातून हरवतात आणि दोघं भावाच्या एकाच जोडीवर आळीपाळीने शाळेत जातात. भाषा कळली नाही तरी गोष्ट कळते, घरातली आजीसुद्धा शेवटपर्यंत बसते. मग ‘बायसिकल थीव्ह्ज’. मग ‘पथेर पांचाली’ (१९५५). सत्यजित राय यांनी लंडनमध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला आणि आपलाही सिनेमा खऱ्या जागी, नवख्या माणसांना घेऊन होऊ शकतो हा त्यांचा विश्वास पक्का झाला. पैसे संपले तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने मदत केली, ती रस्त्यांच्या खात्यातून, कारण सिनेमाच्या नावात रस्ता होता! ‘पथेर पांचाली’ संथ आहे. पहिली वीस मिनिटं घड्याळ बघायचं नाही एवढं ठरवा. म्हातारी इंदिर ठाकरून वाडगं घेऊन बसली की तिच्याकडे बघत राहा, पुढचं आपोआप होतं. या तीन सिनेमांनंतर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) पुन्हा पाहा. पूर्वी पाहिला असेल तरी. डुक्कर हाताशी आलेलं असतं, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर चालतं होतं. हसायचं की नाही ते कळत नाही, आणि तोवर राष्ट्रगीत संपतं.

दुसरी वाट कोर्टाची. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ झाला की बासू चॅटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) पाहा, तीच गोष्ट आपल्या माणसांच्या तोंडी. आणि मग चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). तिथे पोचण्यासाठीच मी ही वाट आखली आहे. गोष्ट मुंबईची, पण त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपले नागपूरचे वीरा साथीदार. आयुष्यभर चळवळीत राहिलेला, नियतकालिक चालवलेला माणूस. तो पडद्यावर येतो तेव्हा अभिनय कुठे सुरू होतो हे शोधून सापडत नाही. २०२१मध्ये करोनाने ते गेले. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला होता.

‘कोर्ट’ पाहताना लोक चुळबुळतात, कारण कॅमेरा हलत नाही. तो एका जागी उभा राहतो आणि कामकाज चालू देतो. सरकारी वकील बाई कलमं वाचतात, तेही बाजारातली यादी वाचावी तशा एका सुरात. आपण वाट पाहतो की आता कोणी टेबलावर हात आपटेल. कोणी आपटत नाही, पुढची तारीख मिळते. मग सिनेमा त्या बाईंच्या मागे लोकलमध्ये जातो, पोराला सोबत घेतो, स्वयंपाकघरात जातो. गीतांजली कुलकर्णी यांनी हे काम इतकं साधं केलंय की त्यांचा राग धरता येत नाही, आणि नेमकी तीच पंचाईत आहे. नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ आहे, त्यामुळे तारीख म्हणजे काय हे ठाऊक असलेला एखादा काका प्रत्येक घरात असतो. त्याच्यासोबत हा सिनेमा पाहा. माझ्या ओळखीतले असे एक काका पूर्ण वेळ गप्प होते, शेवटी फक्त ‘हे अस्संच असते बाप्पा’ म्हणाले.

तिसरी वाट राजकारणाची, ती छोटी आहे. जब्बार पटेल यांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ (१९७९), दोन्ही विजय तेंडुलकरांनी लिहिलेले, लागोपाठच्या दोन रात्री. ‘सामना’त निळू फुले साखरसम्राट हिंदुराव आहेत, ‘सिंहासन’मध्ये तेच पत्रकार दिगू टिपणीस. एकच माणूस सत्ता कशी वापरतो आणि सत्तेकडे कसा बघतो, दोन्ही डोळ्यांनी दाखवतो. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा ‘सामना’तला प्रश्न सभांमधून इतक्यांदा विचारला गेलाय की सिनेमा न पाहिलेल्यांनाही तो माहीत असतो.

चौथी नागपूरची. महेश एलकुंचवार यांच्या नाटकांवरून १९८४ साली दोन सिनेमे आले, केतन मेहतांचा ‘होली’ आणि गोविंद निहलानींचा ‘पार्टी’. नाटककार धरमपेठ-बर्डीच्या गल्ल्यांतून चालणारा आणि सिनेमा देशभर चर्चेतला, हे पुष्कळ नागपूरकरांना ठाऊकच नसतं. ‘झुंड’ (२०२२) मात्र सगळ्यांना ठाऊक आहे: विजय बारसे यांचं झोपडपट्टी फुटबॉलचं काम, इथलंच चित्रीकरण, इथलीच पोरं, आणि त्यांची ती ‘काहून बे’वाली हिंदी. पूर्वार्ध मला फार आवडतो, उत्तरार्ध लांबतो. राजकुमार हिराणीही नागपूरचेच, सुभाष घईंचा जन्मही इथला. पण आपल्या गावचा आहे म्हणून यादीत जागा द्यायची नाही. अभिमान वेगळा मिरवावा.

जुने सिनेमे मिळतील का, असं विचाराल. मिळतात. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्यामुळे ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘माणूस’ (१९३९), ‘श्यामची आई’ (१९५३) हे सिनेमे पाहण्यात चोरी नाही. प्रत मात्र बघून घ्या. एकाच सिनेमाच्या चार-पाच प्रती सापडतात, त्यातली सगळ्यात स्वच्छ आवाजाची निवडा. चित्र थोडं पुसट चालेल, शब्द गेले तर काही उरत नाही.

चौथी पायरी: घराबाहेर पडणे

व्यवसायातले लोक आपल्या भागाला अजून ‘सीपी बेरार’ म्हणतात. मध्य प्रांत जाऊन जमाना झाला, पण सिनेमाच्या वितरणात तो टापू जिवंत आहे. तसंच आपल्या चौकांचं. लिबर्टी, अलंकार, पंचशील: ऑटोवाल्याला पत्ता टॉकीजच्या नावानेच सांगायचा, पडद्याचं काहीही झालेलं असो.

आता बहुतेक पाहणं मॉलमध्ये. तिथे मराठी सिनेमाबाबत एकच सूचना: पुढच्या आठवड्यावर टाकू नका. त्याला मिळतो दुपारचा नाहीतर रात्रीचा एखादा खेळ, आणि शुक्रवार उलटला की तोही जातो. पहिल्या शनिवार-रविवारात जा. मंगळवारी दुपारी गेलात तर पूर्ण हॉल तुमचा, हा भाग वेगळा.

महोत्सवांचं म्हणाल, तर ऑरेंज सिटी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्याच शहरात होत आला आहे, तो चुकवू नका. पुण्याचा साधारण वर्षाच्या सुरुवातीला असतो, गोव्याचा ‘इफ्फी’ नोव्हेंबरात. प्रतिनिधी म्हणून आधी नोंदणी करावी लागते. नवख्यांनी दिवसाला तीनच सिनेमे पाहावेत. पाच पाहणारे शूर असतात, पण रात्री त्यांना इराणच्या सिनेमातली नायिका पोलंडच्या सिनेमात आठवते.

पाचवी पायरी: दहावर आणणे

वहीत आता दोनदा पाहिलेल्यांची नावं तीस-चाळीस झाली असतील. त्यातून दहा. दहाच का, तर ‘साइट अँड साउंड’ हा कौल १९५२पासून दर दहा वर्षांनी घेतं आणि प्रत्येक मत देणाऱ्याकडून दहाच नावं मागतं. पन्नास नावं सांगायला काहीच लागत नाही. दहा सांगायची तर अकरावं सोडावं लागतं, आणि तिथे आपली आवड आपल्यालाच कळते.

त्या कौलाचा इतिहासही धीर देणारा आहे. १९५२ला पहिला आला होता ‘बायसिकल थीव्ह्ज’. १९६२पासून २००२पर्यंत ‘सिटिझन केन’ हलला नाही. २०१२ला ‘व्हर्टिगो’, २०२२ला ‘जान दिलमन’. जगातल्या जाणत्यांचं मत इतकं फिरतं, तर तुमचं फिरलं म्हणून कोणी हसू नये. यादीवर तारीख घाला. एक-दोन क्रमांक लावायचे नाहीत, सालाप्रमाणे लिहायचं.

माझी आजची अशी: संत तुकाराम, बायसिकल थीव्ह्ज, सेव्हन सामुराई, पथेर पांचाली, ट्वेल्व्ह अँग्री मेन, सामना, जाने भी दो यारों, अशी ही बनवाबनवी, फँड्री, कोर्ट.

‘संत तुकाराम’ भक्तीसाठी नाही, जिजाईसाठी आहे. पोरगं तापाने फणफणलेलं, नवरा भजनात, आणि ही बाई हातात पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. विष्णुपंत पागनीस शांत आहेत म्हणून गौरी यांचा तो संताप पेलतो. दामले-फत्तेलाल यांनी देव आणि संसार दोघांनाही सारखाच मान दिला. घरात पैसा न टिकवणाऱ्या भल्या माणसाची बायको होणं म्हणजे काय, हे १९३६ साली इतकं स्पष्ट दाखवलेलं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

‘सेव्हन सामुराई’ साडेतीन तासांच्या आसपास आहे, मध्यंतरासकट. घाबरू नका, वेळ कळत नाही. गाव राखायला आलेल्या सामुराईंचा म्होरक्या कागदावर दरोडेखोरांच्या नावाची वर्तुळं काढून ठेवतो आणि एकेक पडला की एकेक खोडतो. आपणही मनात मोजायला लागतो. दिग्दर्शक कुरोसावाने पावसातली शेवटची लढाई दाखवण्याआधी गावाचा नकाशा आपल्याला असा पाठ करून दिलाय की चिखलात कोण कुठून येतंय ते कळतं. हल्लीच्या मारामाऱ्यांत हे सापडणं दुर्मीळ.

‘बनवाबनवी’बद्दल नाकं मुरडणारे भेटतील. १९८८चा, मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, विनोद ओळखीचे. सगळं खरं. तरी दुसऱ्या, पाचव्या, कितव्याही वेळी धनंजय माने दारात आला की हसू फुटतं. नियम दुसऱ्यांदा टिकण्याचा आहे, तर हा सिनेमा बाहेर ठेवून कसं चालेल?

‘अर्धसत्य’ (१९८३) थोडक्यात राहिला. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्रे यांची कविता, ओम पुरी. त्याच वर्षाच्या ‘जाने भी दो यारों’ने त्याला बाहेर काढलं. दोन्हींत व्यवस्था जिंकते, पण एकात मी हसत हसत हरतो. पुढच्या वर्षी उलटंही होईल.

यादी झाली की ती चारचौघांत काढा. ‘त्यात काय आहे?’ असं कोणी विचारलं तर विषय सांगत बसू नका, वहीतलं दृश्य सांगा. एखादा भाऊ रेटिंग काढून दाखवेल, दाखवू द्या. त्याला विचारा, दुसऱ्यांदा पाहिलास का? बहुतेक वेळा तिथून संभाषण तर्री पोह्यांकडे वळतं.

आणि आजच सुरू करायचं असेल तर शनिवारी रात्री ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, रविवारी सकाळी डोकं ताजं असताना ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. दोन्ही मिळून सव्वातीन तासांच्या आत होतात. त्याआधी टीव्हीची ती गुळगुळीत सोय बंद करायला विसरू नका. तिसरा सिनेमा तुमच्या जुन्या आवडत्यांपैकी एक घ्या, फार दिवसांत न पाहिलेला, आणि संपल्यावर लगेच त्याच्या नावापुढे नवं दृश्य लिहा. जुन्या दृश्यावर काट मारू नका, दोन्ही राहू द्या.